सोबती तासाचे तांदूळ

“कहाणी चालू हाय तवर उठायचं नाय गं. दारात दूधवाला येवो नायतर देव येवो. मूठ मिटलेली, आनि तोंड पन मिटलेलं.”

हर्षलाच्या सासूबाई, मोतीबाई, जाऊन तीन वर्षं झाली, पण हे वाक्य काही घरातून गेलं नाही. पळसदरीच्या त्या दोन खोल्यांत सासू-सुनेनं अठरा श्रावण कहाण्या केल्या. एकीनं सांगायची, दुसरीनं मुठीत अक्षता धरून ऐकायची, आणि संपली की अक्षता देवाला वाहून मगच पानावर बसायचं. पुढे मोतीबाईंनी श्रावणाची अटही काढून टाकली. कहाणी देवाचीच पाहिजे असाही त्यांचा हट्ट नव्हता. शेजारणीची म्हैस आटली, तीही चालायची. अट एकच, सुरू झालेलं बोलणं पुरतं ऐकायचं. त्या गेल्यावर हर्षलानं तेवढाच नेम धरला. दिवसातून कुणाचं तरी एक बोलणं शेवटापर्यंत ऐकल्याशिवाय जेवायचं नाही. शाळामास्तरणीला हे सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण शाळेत तोंडं शेकड्यानं असतात, कान मोजके, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कितीदा तरी तिचा दुपारचा डबा संध्याकाळी चार वाजता उघडायचा.

अशा शाळेत यंदा जूनमध्ये ‘सोबती तास’ आला.

शाळा हायवेपासून दीड किलोमीटर आत, भाताच्या खाचरांना लागून, पाचवी ते आठवीची. मुलं दोन तऱ्हेची. खालच्या गावांतली, ज्यांचे बाप कुंभिवलीकडच्या कंपन्यांत पाळीवर जातात. आणि डोंगराच्या उतारावर असलेल्या ठाकूरवाडीतली, जी तासभर चालून येतात. संस्थेला एके दिवशी साक्षात्कार झाला की सहावी ते आठवीच्या मुलांना मन असतं. तेव्हा प्रत्येक शिक्षकाला पंधरा मुलं वाटून द्यायची, प्रार्थनेनंतर रोज वीस मिनिटं शिक्षकानं त्यांचं ऐकायचं, आणि शिक्षकाला शिक्षक न म्हणता ‘सोबती’ म्हणायचं.

त्याचं प्रशिक्षण पळसदरीच्या धरणाजवळ एका रिसॉर्टमध्ये झालं. शिकवायला पुण्याहून देवेश सर आले. वय सव्वीस. पन्नास मुलांचा वर्ग त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता, त्यामुळे वर्गाविषयी त्यांना कसलीच शंका नव्हती. त्यांनी सगळ्यांना गोलात बसवलं आणि लोकरीचा एक गुंडा दिला. ज्याच्याकडे गुंडा फेकायचा त्याच्यात आपल्याला काय दिसतं ते सांगायचं होतं. सुनील सरांना मुख्याध्यापक विकास सरांमध्ये दूरदृष्टी दिसली. विमलबाईंनाही दूरदृष्टीच दिसली. गुंडा फिरत फिरत हर्षलाकडे आला तेव्हा जेवणाची वेळ झाली.

जेवणानंतर भिंतीवर मोठ्या अक्षरांत वाक्य उमटलं : प्रत्येक मुलाला नावानं ओळखा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवेश सर म्हणाले, हाच कार्यक्रमाचा आत्मा आहे. आत्म्याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. शाळेच्या रजिस्टरातली नावं पुण्याला पाठवून त्यांचे पिवळे गोल बिल्ले छापून आणले होते. वर हसरा सूर्य, खाली नाव. शिवाय दर शनिवारी भरायचा तक्ता. प्रत्येक मुलापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर खूण करायची. पुढे रकाने : अडचण, उपाय, पुरावा म्हणून फोटो. मार्चअखेर हसरे चेहरे नव्वद टक्क्यांवर न्यायचे होते.

ते नेणं अवघड नव्हतं. सुनील सर त्या वीस मिनिटांत वह्या तपासायचे आणि शनिवारी पट्टी ठेवून पंधराही हसऱ्यांतून एकच रेघ मारायचे. विमलबाई एकेकाला उभं करून विचारायच्या, “काय रं, अडचण?” मूल म्हणायचं, “काय नाय बाई.” मग त्या ‘अडचण’ रकान्यात ‘नाही’ लिहायच्या आणि ‘उपाय’ रकान्यात ‘अभिनंदन केले’.

हर्षला यावर काही बोलली नाही. तिचा आवाजच इतका हळू की सभेत विकास सर “मोठ्यानं बोला मॅडम” म्हणायचे आणि तिनं आवाज लावायच्या आत पुढच्या विषयावर जायचे. माणसं तिला फार सात्त्विक समजत. मनातल्या मनात ती तेवढी सात्त्विक नव्हती. देवापुढे हात जोडताना रोज एक वाक्य तिला गिळावं लागायचं, आणि ते बहुतेक देवेश सरांविषयी असायचं. पण पहिले तीन आठवडे तिनंही हसरे चेहरेच भरले होते, हेही तितकंच खरं.

चौथ्या आठवड्यात तिनं डब्यातून मूठभर तांदूळ आणले. गोलात मुलं ठरत नव्हती. एक बोलायला लागला की दुसरा पाणी प्यायला, तिसरी खिडकीत. तिनं प्रत्येकाच्या हातावर चार-चार दाणे ठेवले आणि म्हणाली, “सांगणाऱ्याचं संपेपर्यंत मूठ उघडायची नाही आणि उठायचं नाही. मला पण हाच नियम. आणि इथलं बोलणं इथेच.”

“पडलं तर बाई?” किशोरनं विचारलं. त्याचा बाप कंपनीत हमाली करायचा आणि तो स्वतः एका जागी कधी बसला नव्हता.

“पडलं तर वेच. पण बसून.”

गंमत म्हणजे ते जमलं. मुठीत काही धरलं की पोरांची बुडंही धरली जातात, हे पुण्याला ठाऊक नव्हतं. किशोरनं सलग तीन दिवस एकाच कोंबडीची हकिगत सांगितली. तिसऱ्या दिवशी कोंबडी मेली.

“मग खाल्लीत काय रं?” समीक्षानं विचारलं.

“नाय, शाळेत घातली.”

सगळा गोल हसला, पण मूठ कुणी उघडली नाही. शेवटी तांदूळ खिडकीबाहेर चिमण्यांना जायचे, आणि हर्षला मधल्या सुट्टीत निवांत डबा उघडायची.

एकच मुलगी बोलत नव्हती. सातवीतली वनिता, ठाकूरवाडीची. हाक मारली की ती एका क्षणानं उशिरा वळायची, जणू हाक आधी दुसऱ्या कुणाकडे जाऊन मग तिच्याकडे येत होती. आणि तिच्या छातीवर बिल्ला नसायचा. तीन वेळा नवीन दिला, तीन वेळा “हरवला”. विकास सर प्रार्थनेला सगळ्यांसमोर म्हणाले, “बिल्ला नाही म्हणजे ओळख नाही. हर्षला मॅडम, तुमच्या गटाचं मूल आहे हे.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा गणिताच्या तासाला त्या मुलीची कंपासपेटी खाली पडून उघडली. हर्षला उचलायला वाकली तर आत तिन्ही बिल्ले. सूर्य तिन्हींवर हसत होता. खालचं नाव कर्कटकाच्या टोकानं खरवडून काढलेलं होतं. नीट, एकेक अक्षर करून. हर्षलानं पेटी मिटून मुलीच्या हातात दिली.

चार दिवसांनी गोलात ती मुलगी म्हणाली, “बाई, मी सांगू?”

पंधरा मुठी मिटल्या. हर्षलाचीही.

“वनिता हाय ना,” ती म्हणाली, खाली फरशीकडे बघत, “ती माजी मोठी बहीन. ती मेली. मी अंगावर पीत होते तवाच मेली. मंग शाळेत घालायचं आलं, आनि मी—”

दार उघडलं. “उठा! उठा! पाहुणे आले!” विकास सर दारातच टाळ्या वाजवत होते.

मुलं उठली. तांदूळ फरशीवर सांडले. आणि अठरा श्रावण न उठलेली बाई मुख्याध्यापकांच्या एका हाकेला उठली. सवयच तशी होती. देव आला असता तर ती बसून राहिली असती, त्याला ती तेवढं मानत होती.

पाहुणे मुंबईचे, कार्यक्रमाला पैसे देणारे, एक बाई आणि एक गृहस्थ. हायवेवरच्या चौक गावात मिसळ खायला थांबल्यानं त्यांना उशीर झाला होता, त्यामुळे आता घाई होती. मुलांनी लांब सुरात नमस्ते म्हटलं. पाहुण्यांबरोबर आलेल्या देवेश सरांना खाली दाणे दिसले.

“हे काय, तांदूळ?” त्यांचे डोळे चमकले. “ओ माय गॉड. हे किती टॅक्टाइल आहे, स्पर्शातून शिकणं! मॅडम, ही तुमची कल्पना?”

“सासूबाईंची,” हर्षला म्हणाली.

“मोठ्यानं बोला मॅडम,” विकास सर म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळून, “आमच्या शाळेचीच कल्पना आहे.”

पाहुण्या बाई त्या मुलीपुढे वाकल्या. “तुझा बॅज कुठाय बेटा? नाव काय तुझं?”

मुलीनं हर्षलाकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाट बघितली. पण तेवढ्यात उरलेल्या चौदांनी, शिकवल्याप्रमाणे, एका सुरात सांगून टाकलं, “वनिता!”

“किती गोड नाव,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “आदिवासी ना? आणि मघाशी बोलत होती? लाजत नाही?” देवेश सरांनी मिटलेल्या मुठीचा आणि चेहऱ्याचा फोटो काढला. सहा मिनिटांत सगळे निघून गेले. सहा मिनिटांत पंधरा मुलांची मनं पाहून होतात. पाहणाऱ्याला सराव पाहिजे.

सुट्टीत मुलगी शाळेच्या हातपंपाजवळ भेटली. तिची मूठ अजून मिटलेली होती.

“तुमी उठलात,” ती म्हणाली.

“उठले,” हर्षला म्हणाली. “चुकलं माझं.”

मुलीनं थोडा वेळ पंपाचा दांडा नुसताच वरखाली केला. मग म्हणाली, “मी चिमा.”

“चिमा,” हर्षला म्हणाली.

ती झटक्यात वळली. क्षणाचाही उशीर न करता. “शाळेत ह्या नावानं कुनी बोलावलं नाय अजून.”

मग तिला माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं. वाडीवर गुरुजी आले होते पोरं नोंदवायला. त्यांच्याकडे अंगणवाडीची जुनी यादी होती, तिच्यात वनिता होती, चिमा नव्हती. गुरुजींनी दारातल्या पोरीकडे बोट दाखवून विचारलं, हीच ना वनिता? आई काहीच बोलली नाही. गुरुजींनी तेच होकार म्हणून धरलं.

“का बोलली नाही गं आई?”

“ते मला काय म्हाईत? ते तिलाच म्हाईत. घरात ते नाव कुनी घेतलं तर उठून जाते. बाई, तुमी तक्त्यात लिवनार नाय ना?”

“नाही. आणि राहिलेलं ऐकायला मी येईन. रविवारी. तुझ्या आईकडून, पुरतं.”

“मंग उठायचं नाय हां. मी वाडीच्या पंपापाशी थांबते,” चिमा म्हणाली, आणि मुठीतले घामेजलेले चार दाणे हर्षलाच्या हातावर ठेवून पळाली.

त्या दिवशी हर्षलानं डबा उघडलाच नाही. तसाच घरी नेला.

शनिवारी विकास सरांनी तिला बोलावलं. टेबलावर चेहऱ्यांचा तक्ता होता आणि शेजारी रंगीत छापलेला कागद. त्यावर चिमाचा चेहरा, मिटलेली मूठ, आणि वर ठळक अक्षरांत : ‘अबोल वनिता बोलू लागली’.

“यशोगाथा,” विकास सर म्हणाले. “सात शाळांतून आपली निवड झाली. गेटवर दहा बाय आठचा फ्लेक्स लागणार आहे. तुम्ही फक्त मजकूर द्या. अडचण काय, उपाय काय. पोरगी काय सांगत होती त्या दिवशी?”

“पुरतं ऐकलं नाही सर.”

“मग थोडक्यात लिहा.”

हर्षलानं त्या रंगीत कागदावरचं नाव पाहिलं. दहा बाय आठ. वाडीची बाजाराला जाणारी प्रत्येक बाई त्या गेटवरून जाते. कोंडीला, चिमाच्या आईला, वाचता येत नव्हतं. पण तिला वाचून दाखवणारे वाडीत पुष्कळ होते. गेलेल्या पोरीचं नाव आणि जिवंत पोरीचं तोंड, एकाच काठीला बांधलेलं.

“हा फ्लेक्स लावू नका, सर.”

“मोठ्यानं बोला.”

या वेळी तिनं आवाज चढवला नाही, पण विकास सर पुढच्या विषयावर जायच्या आत ती बोलली. “फोटो लावायचा तर पालकांची संमती लागते. संस्थेच्याच पत्रकात आहे. मुद्दा नववा.”

विकास सरांनी पत्रक काढून पाहिलं. नववा मुद्दा कुणी वाचेल म्हणून लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो तिथे आहे हे त्यांना आत्ताच समजत होतं. “मग आणा अंगठा,” ते म्हणाले आणि संमतीचा छापील कागद तिच्यापुढे सरकवला. “सोमवारपर्यंत. तुम्ही तिच्या सोबती आहात ना?”

“हो,” हर्षला म्हणाली. इतक्या महिन्यांत तो शब्द पहिल्यांदाच तिला अंगाला बसल्यासारखा वाटला.

“आणि हे वाचा. अभिमान वाटेल.”

ते नवं परिपत्रक होतं. सातही शाळांत ‘तांदूळ उपक्रम’ सुरू होत होता. प्रत्येक विद्यार्थ्यास पंचवीस ग्रॅम बासमती, पारदर्शक पिशवीत, पुण्याहून पाठवण्यात येईल. दारात भाताच्या गंजी उभ्या असलेल्या शाळेला पुण्याहून तांदूळ! तेही सोसलं असतं. पण शेवटची ओळ होती : उपक्रम चालू असताना मान्यवर आल्यास विद्यार्थ्यांनी त्वरित उभे राहून स्वागत करावे. हर्षलानं कागदाची घडी घातली. मोतीबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कहाणीतून कान तेवढा काढलान् आनि बुगडी ठेवलीन्.

जाताना ती कचेरीत थांबली. लिपिक जैतू रजिस्टरं लावत होता. तो स्वतः वाडीवरचा, शिकून नोकरीला लागलेला.

“जैतू, रजिस्टरात मुलाचं नाव चुकीचं पडलं असेल तर?”

“आठवीचा दाखला हातात पडायच्या आत अर्ज गेला तर दुरुस्ती होते, बाई. आईबापाचा जबाब लागतो, चार कागद लागतात, हेलपाटे लागतात. एकदा दाखला गेला की मग जन्मभर तेच नाव.” त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “कोंडीच्या पोरीचं ना? वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत कुणी विचारलंच नाही.”

“तू का नाही सांगितलंस रे?”

“सोबती तासात मला कुठे बोलावलं होतं?” जैतू म्हणाला, आणि खणातून नावदुरुस्तीचा कोरा अर्ज काढून तिला दिला.

रविवारी हर्षलाचा अळणी उपास असतो. तिनं अंघोळ, पूजा आटोपली, खिचडी करून झाकून ठेवली. परतल्यावर खाऊ. कुणाचं तरी पुरतं ऐकल्याशिवाय आजही घास उतरायचा नव्हता, आणि आज कुणाचं ऐकायचं ते ठरलेलं होतं. देवघरातल्या वाटीत चिमाचे चार दाणे तिनं त्या दिवसापासून ठेवले होते. न वाहिलेले, कारण कहाणी संपली नव्हती. ते तिनं रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधले.

टेबलावर दोन कागद होते. संमतीचा छापील कागद तिनं खणात टाकला आणि खण लावला. सोमवारी विकास सर विचारतील. विचारू देत. उत्तर तयार होतं, आणि हळू आवाजातही ते ऐकू गेलं असतं. कोरा अर्ज तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला. तो आज बाहेर निघेलच असं नव्हतं. कोंडी उठून गेली तर ती परत यायची वाट बघायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. ऐकायला जायचं होतं, जबाब घ्यायला नाही.

शेजारची हिराबाई अंगणात भांडी घासत होती. “कुठं गं, उन्हाची? न खाता?”

“वाडीवर.”

“सरकारी काम काय?”

“नाही गं. कहाणीला.”

“आत्ता? श्रावण कुठं हाय?”

हर्षला हसली. स्कूटीला चावी लावून तिनं रुमालाची गाठ एकदा चाचपली, डोक्यावरून पदर घेतला आणि खालापूरच्या रस्त्याला लागली. डोंगराच्या पायथ्याशी वाडीचा हातपंप आहे, तिथे गाडी लावून पुढे चढ चालायचा होता. पंपापाशी कुणीतरी वाट बघत असणार होतं, आणि त्याला कोणत्या नावानं हाक मारायची ते तिला माहीत होतं.